छाट

विडी घरकुलात पाचव्या दिवशी पाणी येतं.
त्या पहाटे बॅरल भरलं, दोन घागरी भरल्या,
ओल्या हातानं मोबाईल उघडला
तर एडिटरचं पत्र.

सात महिने पेपर तिकडे होता,
कुठल्या देशात, कुणाच्या टेबलावर, कोण जाणे.
जालकांवरची सोळा पानं.
पाठवला त्या रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या,
लॅपटॉप पंख्याखाली, पंखा लाईटच्या मर्जीवर,
आणि मी पहिल्याच रकान्यात अडलेली:
गड्डम पद्मजा, की पद्मजा गड्डम?
कॉलेजचं नाव रकान्यात मावेना,
कैलासवासी संस्थापकांना अर्ध्यावर तोडलं.
(प्राचार्यांना सांगू नका.)
निधी कोणी दिला?
यादी उघडली तर खाली खाली जातच राहिली,
मंडळं, परिषदा, प्रतिष्ठानं.
मी 'नाही'वर टिचकी मारली.
शेजारी आई फरमा ठेवून पानं कापत होती.

पहिल्या रेफरीला स्वल्पविरामांखेरीज तक्रार नव्हती.
दुसऱ्यानं लिहिलं होतं:
पान सात, लेमा चार. लेखिका म्हणतात, उघडच आहे.
मला दिसत नाही.

मलाही दिसेना.

तो शब्द केव्हा लिहिला ते पक्कं आठवतं.
बीएस्सी भाग दोनचे गठ्ठे आले होते,
दोनशे दहा पोरांना लाल शाईनं विचारत होते
कसं? का? पायरी दाखव.
आणि घरी येऊन स्वतःचीच पायरी गाळली.

तंबाखूच्या पुड्याच्या कागदावर पाच ठिपके काढले.
खाली एक, वर एक, मधे तीन.
रेघा जोडल्या.
मधल्या कुणालाही विचारा, तुझा पूरक कोण?
उरलेले दोघेही हात वर करतात.
आणि मी लिहून बसलेली
की ज्याचा त्याचा एकच.

"मुग्गू काढतेस?"
"नाही."
"एमैंदी?"
काय सांगणार. म्हटलं, परत आलं. चूक निघाली.
आईनं दोऱ्याला गाठ मारली, विडी सुपात टाकली.
"छाट किती?"

कारखान्यात चेकर कट्टा सोडतो,
बोटांत फिरवतो, सैल ती मोडतो,
भोकाच्या पानाची ती मोडतो.
मोडलेलीची मजुरी नाही.
चाळीस वर्षं ती त्याच्यासमोर उभी राहिलीय.
तिनं विचारलं ते मेथीच्या जुडीचा भाव विचारावा तसं.

मी मोजलं.
"पाच पानं. आणि मोठ्या प्रमेयाचा अर्धा."
"मग बाकीची घेतली ना त्यानं?"
"माहीत नाही. अजून मलाच बघायचंय."
"बघ," म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.

आमचे बुर्ला सर भाषणात सांगतात,
गणित म्हणजे विणकाम,
सोलापूरकराला ते काय शिकवायचं!
टाळ्या पडतात.
मला त्या उपमेचा उपयोग झाला नाही.
लेमा चारमध्ये ना ताणा तुटला होता ना बाणा,
एक गृहीतक कमी होतं.

तीन आठवडे लागले.
आता प्रमेय एवढंच म्हणतं:
ज्या जालकात ते पाच ठिपके सापडत नाहीत, त्याच्यापुरतं.
सापडतात तिथं काय होतं?
तो शेवटी प्रश्न म्हणून ठेवला, क्रमांक घालून.
'उघडच आहे' शोधलं तर तेवीस ठिकाणी निघालं.
एकवीस ठिकाणी खरंच उघड होतं,
दोन ठिकाणी घाम फुटला.

पुन्हा तोच फॉर्म. अकरा पानं.
आकृती एक, ठिपके पाच.
आभार: अनाम रेफरींचे.
आईचं नाव घातलं, काढलं, घातलं.
कशासाठी, ते एका वाक्यात बसेना.
काढलं.
निधी: नाही.

सबमिट दाबलं. चाक फिरत राहिलं.
बाहेर कुणाचं तरी बॅरल भरून वाहत होतं
आणि आख्खी गल्ली ओरडत होती,
नळ बंद करा, नळ.